लाल करवंदांची बरणी

भाऊंबद्दल लिहायला बसले की पहिल्याच ओळीला माझा गोंधळ होतो. हट्टी म्हणावं, तर स्वतःचं चुकलं म्हणून दारोदार जाऊन सांगणारा माणूस. शहाणा म्हणावं, तर मुंग्यांना साक्षीला बोलावणारा माणूस. आमच्या इमारतीतल्या बायका त्यांना सरळ 'वाटीवाले' म्हणायच्या. हातात कायम एक स्टीलची वाटी, वाटीत पाणी, आणि पाण्यात काही ना काही बुडालेलं. लिफ्टमध्ये शिरले की सगळे आधी वाटीत डोकावायचे, मग त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

"काय भाऊ, आज कोण बुडालंय?"

"पपई," भाऊ म्हणायचे. "स्वतःला टुटीफ्रुटी म्हणवते."

आमची चाळ लालबाग आणि परळच्या मधली. ती पाडली आणि तिथेच ही उंच इमारत उभी राहिली. आम्ही सातव्यावर, भाऊ तिसऱ्यावर. आता ते पुतणीकडे बदलापूरला असतात, गुडघ्यांमुळे फिरणं बंद झालंय म्हणे. ते वाचून कोणाला खोटं वाटेल, पण मला तर फोनवर ऐकतानाच खोटं वाटलं होतं.

चाळीतही ते होतेच, पण तेव्हा कामावर जायचे म्हणून आम्हांला त्रास कमी. परळच्या एका मोठ्या इस्पितळात ते स्वयंपाकघरात होते, पेशंटांचं जेवण जिथून निघतं तिथे. तीसेक वर्षं ट्रॉली ढकलत वॉर्डावॉर्डातून फिरले. कोणाला बिनमिठाचं, कोणाला बिनसाखरेचं, कोणाला नुसती पेज, कागद न बघता सगळं पाठ. डिग्री कसलीच नाही, माझ्यासारखंच. मी सातवीनंतर जे काय शिकले ते वाचून आणि चार जणांना विचारून. भाऊ शिकले ते डॉक्टरांच्या मागे उभं राहून. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. निवृत्त झाले, ट्रॉली सुटली, फिरायची सवय काही सुटली नाही. मग वॉर्ड कुठून आणायचे? आमचे मजले होतेच.

त्यांच्या घरात टीव्हीच्या जागी लाकडाच्या दोन फळ्या होत्या. डावीकडच्या फळीवर सुकवलेलं: काळ्या मनुका, अंजीर, जर्दाळू, खजूर, आवळकाठी, मी गावाहून आणून दिलेली आमसुलं. उजवीकडे पाकवलेलं: टुटीफ्रुटी, कोहळ्याचा पेठा, आवळा कँडी, अननसाच्या पिवळ्या चकत्या, किवीच्या हिरव्या चकत्या. प्रत्येक बाटलीवर पांढरी चिठ्ठी आणि शाळेतल्या बाईंसारखं गोल अक्षर. उजव्या फळीवरच्या फक्त एका बरणीवर चिठ्ठी नव्हती. जाड बुडाची काचेची बरणी, तिच्यात लाल चेरी आणि बुडाशी लाल पाक. तिच्यावर इस्पितळातली चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, वरची शाई इतकी उडालेली की अक्षरं आहेत एवढंच कळावं. मी एकदा विचारलं, "भाऊ, यावर काय लिहिलंय?" तर म्हणाले, "जुनी पट्टी आहे," आणि माझ्या हातात वाटी दिली.

उजव्या फळीला ते 'आरोपी' म्हणायचे. आरोपींना हात लावायचा नाही, फक्त बघायचं. पण मी बघितलंय, लाल चेरीची पातळी हळूहळू खाली जायची. एकदा मी म्हटलंच, "भाऊ, आरोपी कमी झाले वाटतं?"

"जामिनावर सुटले," ते म्हणाले. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. स्वतः खायचे की काय, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

आता त्यांच्या वाटीत आम्ही सापडलो कसे ते सांगते. आमच्या ह्यांना मधुमेह जुना, गिरणीत होते तेव्हापासूनचा. त्यात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा तर इतका पिकलेला की समोरून मी येतेय की पडदा हलतोय हे ते आवाजावरून ठरवायचे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी साखर खाली आणा. दोनदा तारीख मिळाली, दोनदा रक्त तपासलं, दोनदा परत पाठवलं. मी चहा बिनसाखरेचा केला, भात बंद केला, बटाटा घरात आणणं सोडलं. साखर आपली वरच. दुसऱ्यांदा परत आलो तेव्हा हे पलंगावर बसले आणि भिंतीकडे बघून म्हणाले, "जाऊ दे गो. दिसलं तेवढं पुष्कळ दिसलं." मला ते वाक्य फार लागलं. त्या दिवशी लिफ्टमध्ये भाऊ भेटले आणि मी त्यांच्यासमोर रडले.

भाऊंनी वाटी खाली ठेवली. "वहिनी, ते काय खात नाहीत ते मला सांगू नका. सगळे पेशंट तेच सांगतात. काय खातात ते दाखवा."

दाखवण्यासारखं काय होतं? भाकरी, पालेभाजी, मूग. मग हे म्हणाले, "आणि माझा सुकामेवा. तो चालतो. फिरायला जातो तिथे सगळे खातात." आणि उशीशेजारचा डबा पुढे केला. आत हिरव्या चकत्या, पिवळ्या चकत्या, केशरी तुकडे, लाल चेरी, होळीतल्यासारखे रंग. दादरला एका दुकानातून ह्यांनी स्वतः आणलेला. मीच दर दोन आठवड्यांनी संपला की नाही बघायचे, कौतुकाने बरं का, की चला, पौष्टिक खातायत. साध्या मनुका, अंजीर ह्यांना नको असायचे. का, ते मला मागाहून कळलं. काळं-तपकिरी ह्यांच्या डोळ्यांना दिसायचंच नाही. रंग तेवढे दिसायचे.

भाऊंनी डब्यात बोट घातलं, नाकाशी नेलं, आणि डोळे मिटून बसले. "दादा," ते ह्यांना म्हणाले, "तुम्ही रोज मूठभर मिठाई खाताय."

"ड्राय फ्रूट आहे ते!" हे चिडले. "दुकानदार काय खोटं बोलतो?"

"चला, त्यालाच विचारू."

भाऊंना असं बोलणं म्हणजे आमंत्रणच. दुसऱ्या दिवशी मी आणि भाऊ दादरला त्या दुकानात. भाऊंनी पारदर्शक डब्यातली एक हिरवी चकती उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली. "हा किवी सुकलाय की बुडलाय?"

दुकानदार म्हणाला, "काका, ड्राय आहे. फॉरेनचा माल."

"सुकलेलं फळ सुरकुततं. माझ्याकडे बघा. हा एवढा गुटगुटीत कसा?"

"काका, घ्यायचंय की पंचनामा करायचाय?"

"पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचून दाखवा, मग घेतो."

दुकानदाराने पाकीट घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणाला, "चष्मा घरी आहे." मागच्या बायका हसायला लागल्या. मी इंग्रजी वाचते ते एकेक अक्षर लावत, तेही पाटीएवढं असेल तर. ती मुंगीएवढी अक्षरं मलाही लागेनात. म्हणजे बघा, विकणाऱ्याला वाचता येत नव्हतं, घेणाऱ्याला दिसत नव्हतं, आणि करून घालणारीला कळत नव्हतं.

घरी येऊन भाऊंनी दोन वाट्या मांडल्या. एकीत दहा काळ्या मनुका, दुसरीत ह्यांच्या डब्यातल्या चकत्या. सकाळी पुन्हा आले. मनुका टम्म फुगलेल्या, पाणी फिक्क्या चहासारखं. दुसऱ्या वाटीतलं पाणी हिरवं, बोट घातलं तर चिकट. "पाणी नको, आता फळ चाखा," ते म्हणाले. मनुका मनुकेसारखीच लागली, आंबटगोड. किवीची चकती चावली, तर काय सांगू, ओला पुठ्ठा.

"सुकवलेल्यातलं पाणी गेलं, माल जागेवर राहिला," भाऊ म्हणाले. हे वाक्य त्यांचं ठरलेलं. "पाकवलेल्यातला माल पाकात उतरून गेला, आणि त्याच्या खोलीत साखर येऊन राहिली. भाडं नाही, पागडी नाही."

"पण भाऊ, मनुकाही गोडच की!"

"गोड आहे. पण ती घरची साखर. सोबत चोथा आहे, लोह आहे, अंगात सावकाश भिनते. पसाभर खाल्लीत तर तीही डोक्यावर बसेल. दादांना दिवसाला चार-पाच, बस."

"आणि ते क जीवनसत्त्व?"

"ते गेलं. सुकतानाच गेलं."

"म्हणजे सुकवलेल्यातलंही जातं?"

"जातं."

"मग?"

"मग लिंबू खा." आणि वाट्या घेऊन निघाले.

असं असायचं. एक गाठ सोडवायचे आणि जाता जाता दुसरी मारून जायचे. त्यांचं स्वतःचंही सगळं सरळ होतं असं नाही. कुणीतरी त्यांना क्रॅनबेरी आणून दिली. सुरकुतलेली, म्हणजे डावीकडची. पण सुकवण्याआधी साखर पाजलेली, म्हणजे उजवीकडची. ती बाटली मी सोमवारी डाव्या फळीवर बघितली, बुधवारी उजव्या. शेवटी ती गॅसजवळ एकटी जाऊन बसली. माझ्या आंबापोळीचंही तेच. उन्हात वाळवलेली, आमच्या जाऊबाईंच्या हातची. भाऊंनी विचारलं, "साखर घातली होती?" मी म्हटलं, "आंबा आंबट असेल तर थोडी." "थोडी म्हणजे?" आता याला काय उत्तर द्यायचं? मी फणकारले, "भाऊ, आंबापोळीची चौकशी करायची नसते!" तीही गॅसजवळ गेली.

मुंग्यांचं तर विचारूच नका. साखरेचा पुरावा मुंग्यांइतका चोख कोण देणार, असं त्यांच्या डोक्यात आलं. आमच्या पॅसेजमध्ये त्यांनी फरशीवर दोन थेंब टाकले, एक मनुकांच्या पाण्याचा, एक टुटीफ्रुटीच्या पाण्याचा, आणि स्टूल घेऊन बसले. मुंग्या आल्या आणि दोन्हीकडे सारख्या वाटल्या गेल्या. भाऊंनी थेंबांची जागा बदलली. पुन्हा तेच. माझी शेजारीण ऑफिसातून आली आणि ओरडली, "भाऊ, आम्ही मुंग्यांसाठी औषध मारतो, तुम्ही त्यांना जेवायला घालताय?" भाऊ फरशीकडे बघत म्हणाले, "मुंगीला फरक कळत नाही, याचा अर्थ फरक नाही असा नाही." मग जरा वेळाने, हळू आवाजात, "की असेल?" तेवढा वेळ तो माणूस खरंच गोंधळलेला होता. मला त्यांची दया आली, मी फरशी पुसून घेतली.

बुद्धपौर्णिमेची खीर तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दरवर्षी भाऊ करायचे. एक वर्षी नव्या पोरींनी ती बाहेरून मागवली, प्रत्येक वाटीवर एक लाल चेरी. भाऊ रांगेच्या तोंडाशी चमचा घेऊन उभे राहिले आणि आलेल्या प्रत्येक वाटीतली चेरी उचलायला लागले. पोरगी म्हणाली, "भाऊ, काय हे! फोटोत छान दिसतं!"

"मग फोटोला वाढ."

त्या चेरींची बशी घेऊन ते माझ्याजवळ आले. "वहिनी, ओळखा पाहू."

"चेरी."

"तुमच्या गावची आहे."

भाऊ म्हणाले, करवंद आहे. बी काढायची, उकळायचं, रोज थोड्या घट्ट पाकात बुडवायचं, लाल रंग लावायचा. केकवरची बहुतेक चेरी आपली करवंदच. मी एक फोडून बघितलं. ना चीक, ना आंबटपणा. कुडाळजवळच्या आमच्या डोंगरावर मी लहानपणी ओंजळीने करवंदं खाल्लीत, जीभ काळी होईपर्यंत. आणि हे समोर बशीत लालेलाल होऊन बसलेलं मला ओळखू येऊ नये! का कोण जाणे, मला अपमान झाल्यासारखं वाटलं. माझा की करवंदाचा, ते काही ठरवता आलं नाही.

तर ह्यांच्या डब्याचा निकाल लागला. आणि भाऊ एकदा लागले की मागे लागतात. दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन आले आणि आमच्या स्वयंपाकघराची झडती झाली. साखरेचा डबा गेला. गुळाची ढेप गेली. मध गेला. पाहुण्यांसाठी ठेवलेली सरबताची बाटली गेली. "घरात असलं की हात जातो," म्हणाले. "मी वॉर्डात उशीखालून लाडू काढलेत." इमारतीतल्या मधुमेहाच्या आणखी अकरा घरांत त्यांनी हेच केलं होतं; जमलेलं सगळं वाटून टाकायचे, स्वतःच्या घरातही साखर ठेवायचे नाहीत. मी म्हटलं, घ्या बाबा, सगळं घ्या, डोळा मिळू दे.

आणि साखर उतरली. खरंच उतरली. तिसरी तारीख मिळाली. मला इतका उत्साह आला की मी आणखी आवळलं. दोन भाकऱ्यांची एक केली. गोळ्या मात्र तेवढ्याच चालू, त्यांना हात लावायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

ऑपरेशनला दोन दिवस राहिले होते. सकाळी हे गोळी घेऊन, अर्धी भाकरी खाऊन फिरायला गेले. परत आले तर लिफ्ट बंद. सात मजले चढून आले. मी भाजी निवडत होते. हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पाळी सुटली गो. माका घराक जावंक व्हया."

मी म्हटलं, "अहो, घरीच आहात."

"भोंगो झालो," हे म्हणाले. गिरणी बंद होऊन किती वर्षं झाली! कपाळावर घाम, शर्ट पाठीला चिकटलेला, हात थरथर कापतायत. घरात आम्ही दोघांत मराठी बोलतो, ती शहरातली. मालवणी हे फक्त त्यांच्या आईशी बोलायचे. ते माझ्याकडे बघत होते, पण मी कोण हे त्यांना कळत नव्हतं. आणि ते डोळ्यांमुळे नव्हतं.

मी भाऊंना फोन लावला.

"भाऊ, हे काहीतरीच बोलतायत. घामाघूम झालेत, कापतायत."

"गिळता येतंय?"

"हो. मी मनुका दिल्यात तोंडात. अंजीरही दिलं."

"चावतायत?"

"नुसते धरून बसलेत."

"मनुकांनी नाही व्हायचं, त्याला वेळ लागतो. काढा त्या तोंडातून. साखर द्या. पाण्यात कालवून, आत्ता."

"साखर कुठून देऊ? तुम्ही नेलीत!"

पलीकडे डबे उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गूळ?"

"तोही नेलात."

"शेजारी?"

"अकरा वाजलेत भाऊ, पॅसेजभर कुलपं आहेत!"

फोन बंद झाला. मी मनुका काढल्या, ह्यांचे हात धरून बसले. मला वाटलं, डोळ्यांसाठी म्हणून मी ह्यांना उपाशी मारलं. लिफ्ट बंद होती ना. पंच्याहत्तरीच्या आसपासचा तो माणूस चार जिने धावत आला. एका हाताने छाती धरलेली, दुसऱ्या हातात ती चिकटपट्टीवाली बरणी. लाल करवंदांची.

"फुलपात्रात कोमट पाणी," एवढंच म्हणाले. बरणी त्यात उपडी केली, बुडाशी साचलेला पाक चमच्याने खरवडून घातला, ढवळला. पाणी कुंकवासारखं लाल झालं. करवंदं बाजूला सारली. "फळ नको. पाकच हवाय." चमच्या-चमच्याने ह्यांना पाजलं. ह्यांच्या हनुवटीवरून लाल ओघळ आला, तो मी पदराने पुसला. भाऊ पाजत राहिले, दर घोटाला "गिळा दादा, गिळा."

दहा मिनिटं झाली असतील, पंधरा असतील. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "तू रडतेयस का?" शहरातल्या मराठीत.

मग त्यांना पोळी-भाजी दिली, मग डॉक्टर, गोळी कमी करणं, तारीख पुढे ढकलणं, ते सगळं झालं. पण त्या क्षणी भाऊ आमच्या फरशीवर बसले होते, भिंतीला टेकून, मांडीवर रिकामी बरणी. मला वाटलं धाप लागलीय.

"वहिनी," म्हणाले, "मी तुम्हांला अर्धंच सांगितलं."

"काय अर्धं?"

"वॉर्डात मी पुढे असायचो, ट्रॉली घेऊन. हे खायचं नाही, ते खायचं नाही, एवढं माझं काम. माझ्या मागून सिस्टर यायची. ती सांगायची, खिशात कायम साखर ठेवा. घाम आला, हात कापले, डोकं भिरभिरलं की आधी साखर, मग बाकीचं. तोवर मी पुढच्या खाटेवर. इतकी वर्षं असंच. माझं बोलून झालं की मला वाटायचं, उरलेलं मागून येतंय." ते दाराकडे बघत होते. "इथे मागून कोणी येत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही."

त्यांच्यावर रागवावं तर त्यांनीच जीव वाचवला. आभार मानावेत तर जीव धोक्यातही त्यांनीच घातला, माझ्या मदतीने. मी चहा ठेवला. चहा बिनसाखरेचाच होणार होता.

दुसऱ्या दिवशी भाऊ पिशवी घेऊन त्या बाराही घरी फिरले. या वेळी वाटी नव्हती. प्रत्येक दारात कागदाची साखरेची पुडी काढायचे आणि राहिलेलं अर्धं सांगायचे. लोकांची तर मजाच झाली. पाचव्यावरचे गृहस्थ म्हणाले, "काय भाऊ, पार्टी बदलली?" एकीने विचारलं, "साखर चांगली की वाईट, एकदाच काय ते सांगा ना!" भाऊ म्हणाले, "डब्यात वाईट. खिशात चांगली." ती म्हणाली, "म्हणजे?" आणि भाऊ तिच्या दारात चप्पल काढून बसले, पहिल्यापासून समजवायला.

महिन्याभराने ह्यांचा डावा डोळा झाला. पट्टी निघाली तेव्हापासून ह्यांना वाचायचं वेडच लागलं. बसच्या पाट्या, पावत्या, औषधाच्या बाटल्या. माझ्या ओट्याखाली किवीचं एक जुनं पाकीट राहिलं होतं, तेही वाचलं. "पहिलं नाव फळाचं, दुसरं साखरेचं. इथेच लिहिलंय की गो!" जसं काही मीच लपवून ठेवलं होतं.

आम्ही भाऊंकडे गेलो, गावची ताजी आमसुलं घेऊन. हे फळ्यांसमोर उभे राहून चिठ्ठ्या वाचायला लागले, मोठ्याने, शाळेतल्यासारखे. डावी फळी झाली, उजवी झाली. खिडकीत ती बरणी उन्हाला ठेवलेली होती, धुतलेली, रिकामी. हे तिच्याजवळ गेले, ती उन्हाकडे धरली, पट्टीवर डोळा बारीक केला.

"'साखर उतरल्यास,'" हे वाचायला लागले, "'दोन चमचे. लगेच. मग मला बोलवा.' आणि खाली सही आहे. सही काही लागत नाही."

भाऊ आमसुलं निवडत होते, त्यांचे हात थांबले.

"सिस्टरची बरणी," ते म्हणाले. "ग्लुकोजची. माझ्या ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात असायची, तिला लागेल तेव्हा घ्यायची; ती जवळ नसेल तर कोणीही द्यावी म्हणून वर पट्टी. मी निवृत्त झालो त्या दिवशी म्हणाली, न्या ही."

"मग तिच्यात करवंदं कशाला भरलीत?" मी विचारलं.

"रिकामी बघवेना," भाऊ म्हणाले. मग मान हलवली. "माहीत नाही, वहिनी."

त्यांनी उठून बरणीत साखर भरली. भरून झाल्यावर ती हातात घेऊन फळ्यांसमोर उभे राहिले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, गॅसजवळ क्रॅनबेरी आणि माझी आंबापोळी होती तिकडेही बघितलं. शेवटी बरणी दारालगतच्या चपलांच्या कपाटावर ठेवली, बाहेरून आलेल्याचाही हात पोचेल अशी.

मग खिशातलं पेन काढलं आणि वाकून त्या उडालेल्या अक्षरांवरून फिरवायला लागले, एकेक अक्षर, सावकाश. 'मग मला बोलवा' इथे येऊन थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं, तेवढं सोडतील. पण तेही गिरवलं. सही मात्र तशीच पुसट राहू दिली, आणि तिच्याखाली आपल्या गोल अक्षरात लिहिलं: तिसरा मजला.